रिव्हॉल्व्हर, कानस आणि कारागिराचा हात

रिव्हॉल्व्हरचा चाप ओढणारं बोट एका ओढीत दोन कामं करतं. घोडा मागे जातो आणि त्याच वेळी गोळ्यांची चक्री एक घर पुढे सरकते. ओढीच्या शेवटच्या टप्प्यावर चक्रीचं घर नळीच्या रेषेत येऊन अडकतं, घोडा सुटतो आणि काडतुसाच्या बुडावर आदळतो. (घोडा म्हणजे मागून आपटणारा भाग आणि चाप म्हणजे बोटाखालचा. बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.) कारखान्यातून आलेल्या रिव्हॉल्व्हरला ही दुहेरी ओढ द्यायला साधारण पाच-सहा किलोचा जोर लागतो. अंगठ्याने घोडा आधीच चढवून ठेवला, तर तेच काम दीड-दोन किलोत होतं. पाच-सहा किलो ओढताना मनगट हलतं, नळीचं टोक खाली-डावीकडे जातं आणि गोळी भलतीकडे लागते. नेम चुकल्याचं खापर लोक डोळ्यांवर फोडतात. दोष बहुतेक वेळा ओढीत असतो.

म्हणून शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे आलेल्या परवानाधारकाची पहिली मागणी ठरलेली असते : चाप हलका करून द्या. चांगला गनस्मिथ ही मागणी जशीच्या तशी कधीच मानत नाही, आणि त्याचं ते बरोबरच असतं. त्याला ओढ एकसारखी करायची असते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठे अडखळत नाही, कुठे एकदम सैल पडत नाही, आणि सहाही घरांना सारखीच लागते, अशी ओढ. ती साधली की हातातलं वजन आपोआप थोडं कमी वाटतं. नुसतं वजन कमी केलं, तर शस्त्र धोकादायक होतं किंवा ऐनवेळी दगा देतं. या फरकावर हा सगळा व्यवसाय उभा आहे.

मुलचेऱ्यासारख्या तालुक्यात हा विषय मांडावासा वाटतो त्याला कारण आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या या भागात लोकांच्या ओळखीची बंदूक म्हणजे भरमार. नळीच्या तोंडातून दारू, चिंध्या आणि छर्रे ठासून भरायची बंदूक. बाकीच्या महाराष्ट्रात तिला ठासणीची बंदूक म्हणतात. चपराळा अभयारण्याच्या आसपास आणि आलापल्लीकडच्या सागवानी जंगलाला लागून असलेल्या धानाच्या बांध्यांत रानडुकरं उतरतात. पीक राखायला आणि शिकारीला माणसांनी या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या बाळगल्या. परवाना असलेल्या थोड्या, नसलेल्या पुष्कळ. गेल्या काही वर्षांत गावकऱ्यांनी विनापरवाना भरमार बंदुका स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन केल्याच्या बातम्या जिल्ह्यातून वारंवार आल्या आहेत. या बंदुकांचे कारागीर म्हणजे गावचे लोहार. जुन्या पाइपाची नळी, लाकडाचा दस्ता, भात्यावर तापवून वळवलेली स्प्रिंग, सगळं हातचं काम. त्या हातांचं कौशल्य खरं होतं आणि त्याला कमी लेखण्याचं मला काही कारण दिसत नाही. पण भरमारवर चालणारा हात रिव्हॉल्व्हरवर चालत नाही. भरमारमध्ये हलणारे भाग मोजके असतात आणि अर्ध्या मिलिमीटरची चूक ती पचवते. रिव्हॉल्व्हर एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाचीही चूक पचवत नाही.

या दोन शस्त्रांमधलं अंतर इतिहासातही याच मुलखात दिसतं. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिले साथीदारांना घेऊन इंग्रजांशी झुंज दिली. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुंडी इथल्या तारखात्याच्या छावणीवर त्यांनी हल्ला केला. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आलं. त्यांच्या माणसांच्या हाती भाले, तलवारी, धनुष्यबाण आणि ठासणीच्या बंदुका होत्या. त्याच सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला मात्र एक नवं यंत्र येऊ लागलं होतं. त्याच्या रचनेतली निर्णायक सुधारणा जेमतेम दोन वर्षांपूर्वीची होती.

ती सुधारणा समजली की गनस्मिथ नेमकं कशावर काम करतो तेही समजतं. अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये आपल्या देशात रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दर गोळीला अंगठ्याने घोडा चढवावा लागे. चाप फक्त घोडा सोडण्यापुरता, म्हणून हलका, आणि नेम चांगला. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात रॉबर्ट ॲडम्सने आपलं रिव्हॉल्व्हर कोल्टच्या समोर ठेवलं. त्याच्या यंत्रात अंगठ्याला कामच नव्हतं. चाप ओढला की घोडा चढणार, चक्री फिरणार आणि गोळी सुटणार. वेग मिळाला, पण ओढ जड झाली आणि नेम गेला. १८५६ मध्ये रॉयल इंजिनियर्समधल्या फ्रेडरिक बोमाँट या लेफ्टनंटने दोन्ही रीती एकाच शस्त्रात बसवल्या. घाई असेल तर चाप ओढा, सवड असेल तर अंगठ्याने घोडा चढवून मग ओढा. आजही जगातल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांचा गाभा हाच आहे. आणि दोन्ही रीतींसाठी तेच घोडा, चाप आणि स्प्रिंग वापरायचे असल्यामुळे एका बाजूला केलेला बदल दुसऱ्या बाजूला उमटतो, ही गनस्मिथची कायमची अडचणही तिथूनच सुरू झाली.

कोल्टने लंडनमध्ये १८५३ ते १८५६ या काळात कारखाना चालवला आणि यंत्रांवर घडवलेल्या भागांचा मोठा गाजावाजा केला. तरीही त्या काळी एका रिव्हॉल्व्हरचा भाग उचलून दुसऱ्यात घातला तर तो बसेलच, अशी खात्री नव्हती. कानशीने घासून, लावून बघून, पुन्हा घासून भाग एकमेकांना जुळवावे लागत. म्हणून एकाच शस्त्राच्या वेगवेगळ्या भागांवर एकच क्रमांक ठोकलेला असे. १९५५ मध्ये बाजारात आलेल्या कोल्ट पायथनची कीर्तीही अशीच हाताने जुळवलेल्या आतल्या भागांमुळे झाली. ते काम इतकं वेळखाऊ होतं की कंपनीने ते रिव्हॉल्व्हर पुढे बंद केलं. २०२० मध्ये ते परत आलं ते आतली रचना सोपी करून, संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कापलेल्या भागांसह. थोडक्यात, ज्याला आपण रिव्हॉल्व्हरची सफाई म्हणतो ते काम एकेकाळी कारखान्यातच होत असे. कारखान्यांनी वेळ वाचवण्यासाठी ते सोडून दिलं आणि ते बाहेरच्या कारागिराच्या बाकावर येऊन पडलं.

आता आपल्याकडच्या शस्त्राकडे येऊ. भारतात सर्वसामान्य परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतेक वेळा .३२ बोअरचं, कानपूरच्या आयुध निर्माणीत बनणारं. त्याची जात ब्रिटिश वेब्ली घराण्याची. वरचं कुलूप दाबलं की नळी आणि चक्री पुढच्या बिजागरीवर खाली झुकतात आणि रिकामी टरफलं बाहेर फेकली जातात. सहा घरं, आखूड नळी, कमरेला किंवा पिशवीत राहील एवढा आकार. २०१४ मध्ये याच घराण्यातलं ‘निर्भीक’ हे ५०० ग्रॅम वजनाचं, टायटॅनियम मिश्रधातूचं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आलं. तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. वजन कमी होणं सोयीचं असलं तरी त्याचा दुसरा परिणाम फारसा सांगितला जात नाही. शस्त्र जितकं हलकं आणि ओढ जितकी जड, तितकी नळी जास्त हलते. एक किलोच्या शस्त्रावर पाच किलोची ओढ आणि अर्ध्या किलोच्या शस्त्रावर पाच किलोची ओढ या हाताला अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हलकं रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याला चांगल्या ओढीची गरज जास्त असते.

असं रिव्हॉल्व्हर बाकावर आलं की जाणता माणूस लगेच पेचकस हातात घेत नाही. आधी ते रिकामं आहे ना, हे सहाही घरं डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून खात्री करतो. मग अगदी सावकाश चाप ओढतो आणि ऐकतो. चक्री घरात बसल्याचा आवाज आधी आला पाहिजे, घोडा सुटल्याचा नंतर. हा क्रम सहापैकी एका जरी घराला उलटला, तरी त्या घरातली गोळी नळीच्या रेषेत पूर्ण न येता सुटू शकते. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीला चक्रीतून नळीत उडी मारावी लागते. दोघांच्या मधे अगदी बारीक फट असते, साधारण एका मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून चौथ्या भागापर्यंत. नळीचं तोंड आतून थोडं नरसाळ्यासारखं कापलेलं असतं, गोळीला रेषेत ओढून घेण्यासाठी. घर रेषेबाहेर असलं की गोळीची एक बाजू त्या कडेवर घासते, शिशाचे कण बाजूला उडतात आणि शेजारी उभ्या माणसाच्या गालाला, हाताला लागतात. पडद्यावरच्या पोलिसांप्रमाणे दुसऱ्या हाताने चक्रीला धरून रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्याची बोटं तर त्या फटीतून निघणाऱ्या तप्त वायूने रेषेत असतानाही भाजतात.

ही वेळ साधून देणारे भाग अगदी लहान असतात. चापाला जोडलेला एक पंजा वर सरकतो आणि चक्रीच्या मागच्या दात्यांना ढकलतो. खालून एक खिटी वर येऊन चक्रीच्या खाचेत अडकते आणि तिला थांबवते. पंजा झिजला तर चक्री घरापर्यंत पोचत नाही. खिटी किंवा खाच झिजली तर चक्री घरावरून पुढे जाते. वर्षानुवर्षं कोणी गंमत म्हणून चक्री गरगर फिरवून मनगटाच्या झटक्याने बंद करत असेल, तर हे दोन्ही लवकर होतं. सिनेमात ते रुबाबदार दिसतं, पण त्या एका झटक्याची भरपाई करायला गनस्मिथला अर्धा दिवस लागतो. वेब्ली पद्धतीच्या शस्त्रात याशिवाय बिजागरी आणि वरचं कुलूप तपासावं लागतं. कुलूप सैल झालं असेल तर गोळी सुटताना सांगाडा किंचित उघडतो, फट वाढते, आणि चापावर केलेली सगळी मेहनत वाया जाते. म्हणून जाणकार कारागीर ग्राहकाला आधी हे सांगतो, चापाचं काम नंतर काढतो. जो हे न पाहता थेट चापाला हात घालतो, त्याच्याकडे शस्त्र देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग येते ती खरी सफाई. जात्यात खडा अडकला की दळताना हाताला जशी करकर कळते, तशी करकर नव्या रिव्हॉल्व्हरच्या ओढीत असते. कारखान्यातल्या यंत्राने कापताना राहिलेल्या सूक्ष्म रेघा, कडांवरचे कंगोरे, वर्षांपूर्वीचं घट्ट झालेलं तेल. कारागीर शस्त्र उघडतो. त्यासाठी पेचकस स्क्रूच्या खाचेत अगदी तंतोतंत बसणारा लागतो. कुठल्याही दुकानातला पाचरीसारखा पेचकस वापरला की खाच फाटते, आणि एखाद्या शस्त्राचे स्क्रू कुरतडलेले दिसले की त्यावर आधी कोणी अडाणी हात चालवला हे लगेच कळतं. उघडल्यावर भाग धुतले जातात आणि उजेडात पाहिले जातात. धातू धातूवर घासतो तिथे चकाकी उमटलेली असते. तो यंत्राचा स्वतःचा कबुलीजबाबच. ज्या जागी चकाकी असायला हवी तिथे ती गुळगुळीत करायची, आणि जिथे असायलाच नको तिथे का आली ते शोधायचं. कानशीचं काम इथे जवळजवळ नसतंच. बारीक कणाचा तेलाचा दगड, तेलाचा थेंब आणि पुष्कळ थांबून थांबून पाहणं.

एक पृष्ठभाग मात्र असा असतो की तिथे चांगले कारागीरही हात आखडतात. घोडा चढलेला असताना चापाचं टोक ज्या बारीकशा खाचेत अडकून राहतं, ती जागा. शस्त्र सुरक्षित राहतं ते या खाचेच्या कोनामुळे आणि खोलीमुळे. शिवाय जुन्या शस्त्रांत या भागांना फक्त वरवर कठीण केलेलं असतं. लोखंडाच्या अंगावर कार्बनची पातळ, कडक कातडी आणि आत मऊ धातू. दगडाने ती कातडी पार केली की पहिल्या दिवशी चाप रेशमासारखा लागतो आणि काही महिन्यांत ती मऊ जागा झिजून घोडा आपोआप सुटायला लागतो. काम बिघडल्याचं लगेच कळत नाही, हाच यातला खरा धोका आहे. ग्राहक आनंदाने घरी जातो, अपघात पुढच्या वर्षी होतो.

तसाच मोह स्प्रिंगचा. मुख्य स्प्रिंग सैल केली की ओढ चटकन हलकी होते, त्यासाठी कौशल्यही लागत नाही. पण ती स्प्रिंगच घोड्याला जोर देते. काडतुसाच्या बुडातली टोपी पेटायला ठरावीक ठोका लागतो. स्प्रिंग सैल झाली की उन्हाळ्यात, नव्या काडतुसांवर सगळं ठीक चालतं आणि पावसाळ्यात, जुन्या साठ्यातल्या काडतुसावर नुसता टक आवाज येतो. काडतुसं एकाच घडणीची नसतात. महाराष्ट्रातल्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, म्हणजे बुडावर ‘केएफ’ अक्षरं असलेली काडतुसं आणि परदेशी काडतुसं यांच्या टोप्यांचा कठीणपणा वेगळा असू शकतो. म्हणून मालक जी काडतुसं प्रत्यक्षात वापरणार आहे, त्यांच्यावरच शस्त्र तपासायला हवं. खडकीचा हा कारखाना १८६९ चा. मुलचेऱ्याहून जवळची मोठी आयुध निर्माणी म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीची, पण तिथलं काम मोठ्या दारूगोळ्याचं आहे. रिव्हॉल्व्हरशी तिचा संबंध नाही.

हलक्या चापाचं आकर्षण किती फसवं आहे हे नेमबाजीच्या खेळात पाहावं. तिथे वैऱ्यापासून बचाव करायचा नसतो, कागदावर छिद्र पाडायचं असतं, तरीही नियमाने २५ मीटर पिस्तुलाच्या चापाला किमान १००० ग्रॅम वजन पेलता आलंच पाहिजे. सामन्याआधी नळी उभी धरून चापाला वजन टांगतात, वजन उचललं गेलं नाही तर शस्त्र बाद. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई खेळात सुवर्ण जिंकलं ते याच मर्यादेत राहून. तिच्या पिस्तुलाचा चाप जगात सर्वात हलका नव्हता. तो दर वेळी तसाच सुटत होता, आणि तिचं बोट त्याला ओळखत होतं. खेळातली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जातं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग काडतूस १८९६ पासूनचं आहे आणि आजही पुरुषांच्या सेंटर फायर पिस्तूल प्रकारात अव्वल नेमबाज तेच वापरतात. म्हणजे काडतूस कमअस्सल नाही. त्याचा कस दाखवू न देणारी ओढच आडवी येते.

वेगासाठी रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्यांचंही असंच. एड मॅकगिव्हर्न या अमेरिकन नेमबाजाने १९३२ मध्ये अर्ध्या सेकंदाच्या आत पाच गोळ्या झाडल्या. १९९९ मध्ये जेरी मिक्युलेकने सहा गोळ्या, पुन्हा भरणं आणि आणखी सहा गोळ्या हे सगळं तीन सेकंदांच्या आत केलं. इतक्या वेगात चक्री खिटीवर आदळते ती हातोड्यासारखी. त्या शस्त्रांची वेळ जराशी चुकली असती तर दुसऱ्या-तिसऱ्या गोळीलाच सगळं अडलं असतं.

सुरक्षिततेबद्दल एक जुनी हकिगत सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकन नौदलाच्या एका जहाजावर स्मिथ अँड वेसनचं भरलेलं रिव्हॉल्व्हर लोखंडी डेकवर पडलं, घोड्यावर आपटलं आणि गोळी सुटून एक खलाशी मेला. कंपनीने लगोलग घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये येणारी आडपट्टी नव्या पद्धतीने बसवली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती बाजूला होत नाही. आयव्हर जॉन्सन या कंपनीने १८९६ मध्येच वेगळा उपाय काढला होता. चाप ओढला तरच एक पट्टी वर येऊन घोड्याचा ठोका टोकापर्यंत पोचवते, नाहीतर घोडा आपटूनही काही होत नाही. जुन्या शस्त्रांत असं काहीच नसतं, म्हणून जाणती माणसं सहापैकी एक घर घोड्याखाली रिकामं ठेवत. आतल्या आडपट्टीमुळे ओढीत थोडी करकर येते हे खरं. पण ओढ गुळगुळीत व्हावी म्हणून ती काढून टाकणारा किंवा घासून निकामी करणारा माणूस कारागीर या शब्दाला लायक नाही.

मुलचेऱ्याच्या हवेत या सगळ्याच्या आधी एक शत्रू गाठावा लागतो, तो गंजाचा. इथला पाऊस तेराशे मिलिमीटरच्या पुढचा, जूनपासून दसऱ्यापर्यंत जंगलातून वाफ उठत असते, आणि बांध्यांत पाणी उभं असतं. शस्त्राला निळसर काळा रंग दिलेला असतो तो मुळात लोखंडाचाच नियंत्रित गंज. तो तेल धरून ठेवतो, एकटा काही अडवत नाही. गनस्मिथकडे येणाऱ्या ‘जड चापा’च्या तक्रारींत कधी चाप निर्दोष निघतो आणि घोड्याच्या खिळ्याभोवती तांबडी पूड सापडते. तिथे दगड लावण्याआधी नुसतं उघडून, धुऊन, तेल देऊन पाहिलं की अर्धी तक्रार मिटते. प्रामाणिक कारागीर तेवढंच करून तेवढेच पैसे घेतो.

काडतुसांचाही या गंजात हात असतो. जुन्या पद्धतीच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळालं की पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच एक भाऊबंद, नळीच्या आत बसतो आणि हवेतली ओल ओढून घेतो. तेलात मीठ विरघळत नाही, त्यामुळे गोळ्या झाडल्यावर नुसतं तेल पुसून ठेवणारा माणूस मिठावर तेलाचं झाकण घालतो आणि आत नळी खात राहते. जुन्या सैनिकांची उकळत्या पाण्याने नळी धुण्याची रीत म्हणूनच शहाणपणाची होती. पाणी मीठ नेतं, आणि तापलेली नळी आपली आपण कोरडी होते, मग तेल. नव्या काडतुसांत हा दोष नसतो, पण कोणाच्या कपाटात काय साठलेलं आहे हे बाहेरून कळत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण ठामपणे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बाळगायला जसा परवाना लागतो तसाच तो व्यवसाय म्हणून दुरुस्त करायला, बदलायला आणि तपासायलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मिती, रूपांतर किंवा दुरुस्ती यांना किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणारी शस्त्रं तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. गावातला लोहार कितीही कसबी असला आणि घरचा असला, तरी त्याच्यासमोर रिव्हॉल्व्हर ठेवणं म्हणजे त्याच्या गळ्यात फास अडकवणं आहे. भरमार बंदुकांच्या काळात हे सर्रास चाललं म्हणून आज चालणार नाही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जाताना परवाना सोबत हवा, शस्त्र रिकामं आणि बंद पेटीत हवं, काडतुसं वेगळी हवीत, आणि परवान्यावर लिहिलेली हद्द आधी वाचून पाहावी. त्या हद्दीबाहेर शस्त्र नेण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून घ्यावं. दुरुस्तीवाला शस्त्राचा क्रमांक आपल्या वहीत नोंदवतो. जो नोंद न करता काम करायला तयार होतो, त्याला ते काम देऊच नये. पोलिसांच्या शस्त्रांची गोष्ट वेगळी. त्यांची देखभाल पोलीस दलाचे स्वतःचे आर्मोरर करतात आणि बाहेरच्या माणसाचा तिथे संबंध येत नाही.

काम संपल्यावर मालकाने काय तपासून घ्यावं, तेही सांगतो, कारण हे विचारायला लोक संकोचतात. कामाआधी आणि कामानंतर ओढीचं वजन तराजूवर घेऊन दाखवायला सांगावं, दोन्ही रीतींचं, आणि सहाही घरांवर. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. सर्वात कमी आकड्यापेक्षा त्यांच्यातला सारखेपणा महत्त्वाचा. बदललेले जुने भाग परत मागावेत. परवानगी असलेल्या रेंजवर आपल्याच काडतुसांनी दोन-तीन चक्र्या भरून झाडून पाहाव्यात. एखादी जरी गोळी न सुटता नुसता टक आवाज आला तर शस्त्र तिथेच परत द्यावं. रिकाम्या टरफलांच्या बुडावरची खूण पाहावी. ती मधोमध आणि सारख्या खोलीची असेल तर घोड्याचा जोर आणि चक्रीची रेषा दोन्ही ठीक आहेत.

आणि परत आणल्यावर पावसाळ्यात ते चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनं त्यात राहिलेली असतात, आणि पितळी काडतुसांवर हिरवी बुरशीसारखी साय धरते. कोरड्या सुती कापडात, अगदी पातळ तेलाचा हात देऊन, कुलपात ठेवावं. तेल जास्त झालं तर ते काडतुसाच्या टोपीत झिरपू शकतं, म्हणून काडतुसं कोरडी आणि निराळ्या डब्यात. दर पंधरवड्याला शस्त्र रिकामं करून पुसावं. आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत ते पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला, तर जमा करण्याआधी पुसून, तेल देऊन मगच द्यावं. महिना-दीड महिना ते तिथे दुसऱ्या शस्त्रांसोबत पडून राहणार असतं.